खाडा

जूनमध्ये पुंता अरेनासला सूर्य दहाला उगवतो
आणि साडेपाचला निघून जातो.
रात्रपाळी दिवसपाळीला अंधारातच
औषधांच्या कपाटाची चावी देते.

मी नेल्दा बार्रिया, दुसऱ्या मजल्याची हेडनर्स.
लाल पेनाने खाडे मांडते.
मंगळवारी सात. बुधवारी सात. गुरुवारी अकरा.
उरलेल्या चौघी बेचाळीस खाटा सांभाळतात,
आणि त्यातली एखादी
शुक्रवारी फोन करते: पाठ.

सगळ्यांची पाठच.
पाठ बरी असते कारण म्हणून,
तिला ताप मोजावा लागत नाही.

संचालकांनी परिपत्रक काढलं.
महिनाभर एकही खाडा नाही
तिला कालाफातेच्या मुरंब्याची बरणी
आणि भिंतीवर फोटो.
फोटो लागला एदिता मान्सियाचा.
ती आली होती अंगात एकशे दोन घेऊन, बरणीसाठी नव्हे,
दहा दिवसांचा पगार कापला जाईल म्हणून.
तिच्यामागोमाग आख्खा मजला शिंकू लागला.
पुढच्या आठवड्यात खाडे चौदा.
फोटो हसतच होता.

मग मी पट काखेत मारला आणि घरोघर गेले.
वारा असा की कोपऱ्याकोपऱ्यावर
माणसांनी धरायला दोर बांधलेत.

यास्ना मिहोविलोविचने खरोखर दांडी मारली होती.
डोक्याला तांबडा रंग थापून बसली होती,
लपवायच्या भानगडीत पडली नाही.
"सलग नऊ रात्री तुम्ही लावल्यात," ती म्हणाली,
"दहावी मी घेतली."
मी तिच्याकडे कॉफी प्याले. काय बोलणार.

इवोन ओयार्सोने दार उघडलं
एका हातात आईचा दंड धरून.
"शेजारीण दहाला येते. त्यानंतर मी मोकळी.
पण तुमच्या पटात सात आहे, तीन आहे, अकरा आहे.
दहा नाहीच.
सूर्यसुद्धा इथे दहालाच येतो, नेल्दा,
त्याचा खाडा कोण मांडतं?"

रुबेन कार्कामो घरी नव्हता.
बायको म्हणाली, कामावर गेलाय की. रोजच जातो.
तो सापडला इस्पितळाच्याच वाहनतळावर,
गणवेशात, इंजीन चालू, काचा धुरकटलेल्या.
एकोणीस नंबरचा कोळी
त्याचा हात धरून गेला त्याला पाच आठवडे झाले.
तेव्हापासून रुबेन येतो,
फक्त दारापर्यंत.
माझ्या पटावर त्याच्या नावापुढे
सतरा लाल फुल्या होत्या.
मी त्या त्याला दाखवल्या नाहीत.

त्या रात्री नवा पट आखला, शिसपेन्सिलीने.
दहाचा एक रकाना काढला, जरा वाकडा आला.
आणि तो पट ठेवून दिला
आमच्या चहाच्या टेबलावर, रबरासकट.
ज्याची त्याने खोडावी, ज्याची त्याने भरावी,
मोकळा चौकोन मात्र कुणीतरी आधी मागून घ्यावा.
एदिता सकाळी खाली जाऊन
रुबेनच्या गाडीत दहा मिनिटं बसू लागली.
काय बोलतात, विचारलं नाही.
तिसऱ्या आठवड्यात दोघं एकत्र जिना चढून आले.

संचालक म्हणाले, "हे कुठलं धोरण?"
मी म्हटलं, "धोरण नाही, साहेब. खोडरबर."
त्यांना ते आवडलं नाही.

ऑगस्टात खाडे चारावर आले.
एका आठवड्यात पुन्हा नऊ, फ्लूच होता तो.
शून्य कधी झाले नाहीत.
माणसं आहेत, खाटा नव्हेत की जागच्या जागी सापडतील.

सप्टेंबरात एका सकाळी
मीच उठले नाही.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
फोन लावला, पलीकडे इवोन.
"पाठ," मी म्हणाले, सवयीने.
ती गप्प.
मग हळूच: "खरं सांग."

मी खिडकीतून पाहत होते.
सामुद्रधुनीवर पाणी नुकतंच राखाडी होत होतं.
"काही नाही गं," मी म्हटलं, "आज कुणाला उठवायचं नव्हतं मला,
स्वतःलासुद्धा."

पलीकडे पेन्सिलीचा आवाज आला.
माझ्या चौकोनात तिने काय लिहिलं
ते मी अजून पाहिलेलं नाही.